राऊटरला हात लावू द्या!

नेटवर्किंगच्या प्रॅक्टिकलला राऊटर आपण फक्त बघतो. एका राऊटरभोवती दहा जण, आणि बिघडेल म्हणून हात लावायचा नाही. मग शिकायचं काय, कप्पाळ?

खरं तर राऊटरचं बरंचसं काम सॉफ्टवेअरच करतं. २०१२ मध्ये मोठ्या टेलिकॉम कंपन्यांनी एकत्र येऊन मांडलं, की राऊटर, फायरवॉल यांसाठी वेगळी यंत्रं घेण्यापेक्षा ती साध्या सर्व्हरवर व्हर्च्युअल मशीन म्हणून चालवावीत. हेच व्हर्च्युअल नेटवर्क फंक्शन.

आपल्यालाही ते जमेल. २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनडब्ल्यूआरटीची इमेज फुकट मिळते, १२८ एमबी रॅममध्ये चालते. क्यूएमयूमध्ये तिला दोन नेटवर्क कार्डं द्यायची: पहिलं लॅन, दुसरं वॅन. मग फायरवॉलचे नियम बदला, राऊट मुद्दाम चुकवा. बिघडलं तर इमेजची नवी कॉपी!

यात वेग कमी मिळतो, खऱ्या केबलींची सवय होत नाही, हे मान्य. म्हणून खरे राऊटरही हवेतच. पण व्हायव्हासाठी नॅटची व्याख्या घोकण्यापेक्षा टीसीपीडम्प लावून पॅकेटचा पत्ता बदलताना एकदा डोळ्यांनी बघितलेलं जन्मभर लक्षात राहतं. लॅबच्या पीसीवर एवढं करायची परवानगी मागूया. खर्च तर शून्य आहे!