श्वान तिथेच घुटमळले

पेपरमधलं हे वाक्य तुम्ही शंभरदा वाचलं असेल. 'घटनास्थळी श्वानपथकाला पाचारण करण्यात आले, मात्र श्वान काही अंतरावर जाऊन तिथेच घुटमळले.' आपण जरा हसतो आणि क्रिकेटच्या पानाकडे वळतो.

मला काळजी वाटते ती उलट बातमीची. समजा श्वान घुटमळलं नाही, थेट एका झोपडीसमोर जाऊन भुंकलं, तर? त्या झोपडीतल्या माणसाचं पुढे काय होतं?

नाणेघाटाला गेलेल्यांना वैशाखरे माहीत असेल. कल्याण-नगर रस्त्यावर, माळशेजच्या अलीकडे, मुरबाड तालुक्यातलं गाव. समजा, अशा एखाद्या गावात रात्री दुकान फुटलं. श्वानपथक काही प्रत्येक पोलीस ठाण्यात नसतं, जिल्ह्यातून मागवावं लागतं. गाडी घाटाच्या पायथ्याशी पोचेपर्यंत अर्धं गाव त्या दुकानात डोकावून गेलेलं असतं. शटरला पन्नास हात लागलेले असतात. मग कुत्रं येतं, वास घेतं, पळतं, मागून पोरांची जत्रा. आणि ते गावाबाहेरच्या कातकरी वाडीपाशी थांबतं. झालं! 'कुत्र्याने दाखवलं.' गावाच्या दृष्टीने निकाल लागला.

आता कोर्ट काय म्हणतं बघा. अब्दुल रझाक दफेदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा आपल्याच राज्यातला, रेल्वे रुळांवरून घसरवल्याचा खटला. १९६९ साली सुप्रीम कोर्टाने त्यात श्वानाच्या पुराव्यावरचे आक्षेप नीट मांडले. कुत्रं साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहू शकत नाही, त्याची उलटतपासणी होत नाही. त्याच्या वतीने त्याचा हस्तक, म्हणजे हँडलर बोलणार, ती झाली ऐकीव साक्ष. आणि माणसाचं आयुष्य कुत्र्याच्या अनुमानावर टांगू नये. त्या खटल्यात शिक्षा कायम राहिली, पण इतर पुराव्यांवर. पुढे २००१ मध्ये आंध्रातल्या गडे लक्ष्मी मंगराजू खटल्यात कोर्टाने साधारण असं म्हटलं की तपासात कुत्र्याची मदत घ्या, पण न्यायनिवाड्याला ती चैन परवडणारी नाही.

छान. मग प्रश्न मिटला? नाही ना! खरी गोची इथेच आहे.

कोर्टात कुत्र्याला वजन नाही, म्हणून दोषारोपपत्रात त्याला फार जागा देण्यात अर्थ नसतो. पण भुंकणं आणि दोषारोपपत्र यांच्या मधे पोलीस कोठडी असते. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब कायद्याने पुरावा होत नाही, पण आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो. म्हणजे 'माहिती' काढण्याचा मोह कायद्यातच शिल्लक आहे. एखाद्याने ती काठीने काढली, तर त्या काठीचं मूळ त्या भुंकण्यात आहे हे कागदावर कुठेच दिसणार नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रोग्रॅमने एका फंक्शनच्या उत्तरावर निर्णय घेतला आणि लॉगमधून ते फंक्शनच उडवलं. आता बग शोधा!

अमेरिकेत पोलिसांची कुत्री सरळ चावतात. फर्ग्युसन शहराच्या पोलिसांवर अमेरिकेच्या न्याय खात्याने २०१५ साली अहवाल दिला. कुत्रं चावल्याच्या ज्या घटनांत माणसाचा वंश नोंदला होता, त्या प्रत्येक घटनेत तो माणूस कृष्णवर्णीय होता. पण निदान तिथे चावा हा बळाचा वापर मानला जातो, आणि 'हे बळ वाजवी होतं का' असं कोर्टात विचारता येतं. आपल्याकडे कुत्रं फक्त बोट दाखवतं आणि बळ नंतर, बंद खोलीत वापरलं जातं. जखम दिसलीच, तरी तिचा कुत्र्याशी संबंध जोडणार कोण?

आणि ते बोट तरी कुणाचं? २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या संशोधकांनी १८ हस्तक-श्वान जोड्यांची परीक्षा घेतली. एका चर्चमधल्या खोल्या, आत ना अमली पदार्थ ना स्फोटकं. हस्तकांना मात्र सांगितलं होतं की लाल कागद असेल तिथे वास असू शकतो. एकूण १४४ फेऱ्या झाल्या. त्यातल्या फक्त २१ फेऱ्यांमध्ये 'इथे काही नाही' हे बरोबर उत्तर आलं. हस्तकाच्या मनात जे होतं ते दोरीतून कुत्र्यापर्यंत पोचलं म्हणा, किंवा कुत्र्याचं वागणं हस्तकाने हवं तसं वाचलं म्हणा. आता आपल्या गावातला 'लाल कागद' कोणता, हे मी सांगायला हवं का? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला. कायदा १९५२ मध्ये गेला. पारध्यांना विचारा, शिक्का गेला का.

मी कुत्र्यांच्या विरोधात नाही हो! १९९३ च्या स्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या जंजीरने तीन हजार किलोहून जास्त आरडीएक्स शोधून दिलं, त्याच्या नाकावर किती जीव वाचले असतील. पण फरक बघा. जंजीर बसला की पिशवी उघडायची. आरडीएक्स असतं किंवा नसतं, उत्तर लगेच तपासून होतं. माणसासमोर भुंकल्यावर उघडायची पिशवीच नसते. मग माणूसच 'उघडला' जातो.

माझं मागणं साधं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं आहे. तोच नियम श्वानाच्या मागकाढणीला लावा, दोरी सोडल्यापासून थांबेपर्यंत. हस्तकाला संशयित कोण हे आधी सांगू नका. प्रत्येक कुत्र्याची वही ठेवा: किती वेळा दाखवलं, किती वेळा ते पुढे खरं ठरलं, किती वेळा चुकलं. आणि श्वानाच्या इशाऱ्यावरून कुणाला ठाण्यात नेलं, तर तसं डायरीत लिहा आणि खाली नेणाऱ्या अधिकाऱ्याची सही घ्या. कुत्र्याची नको, अधिकाऱ्याची!

पोलिसांकडे माणसं कमी, साधनं कमी, वर 'आरोपी कधी पकडता' म्हणून तगादा. सगळं मान्य. पण वहीत चार ओळी लिहायला नवं बजेट लागत नाही. प्रकाश सिंह खटल्यात सुप्रीम कोर्टाने २००६ साली जिल्हा पातळीवरही पोलीस तक्रार प्राधिकरण मागितलं होतं. महाराष्ट्राने २०१४ च्या दुरुस्तीने ते राज्य आणि विभाग पातळीवर आणलं. वाडीवरचा माणूस एक दिवसाची मजुरी बुडवून तिथवर गेलाच, तर त्याने दाखवायचं काय? दाखवायला तो कागद तरी असू दे.

कुत्रं बिचारं प्रामाणिकच असतं. त्याला बक्षीस म्हणून चेंडू हवा असतो. केस मिटवायची घाई त्याला नसते, ती दोरीच्या दुसऱ्या टोकाला असते. तेव्हा पुढच्या वेळी पेपरात 'श्वानाने माग दाखवला' असं वाचलंत, तर क्रिकेटच्या पानाकडे वळण्याआधी एवढंच विचारा: सही कुणाची आहे?