ऊसतोड कामगाराचे मूल कोणत्या खात्याचे?

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. मूल ही राज्याची जबाबदारी आहे, हे या मातीत शंभर वर्षांपूर्वीच ठरले. त्याच कोल्हापुरात गाळप हंगाम सुरू झाला की उसाच्या फडात धाकटे भावंड कडेवर घेतलेली आठ-दहा वर्षांची मुलगी आजही दिसते. ही कुणाला लाज वाटावी अशी गोष्ट नाही काय?

बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यांतून नवरा-बायकोची जोडी, म्हणजे 'एक कोयता', मुकादमाची उचल घेऊन येते. यात आपले दलित बांधव आहेत, भटके-विमुक्त आहेत, वंजारी आहेत. कोयत्याच्या हिशेबात मूल धरलेलेच नसते.

कायदे कमी नाहीत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम ९ स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश देण्याचे काम स्थानिक प्राधिकरणावर टाकते. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने बालकल्याण समित्या दिल्या. याच कायद्याने त्यांच्या कामाचा दर तिमाहीस आढावा घेणे जिल्हाधिकाऱ्यांवर सोपविले. मिशन वात्सल्य आले. पण पोषण अंगणवाडीकडे, हजेरी शिक्षण खात्याकडे, बालमजुरी कामगार खात्याकडे आणि संरक्षण महिला व बालविकासकडे! गावाकडच्या अंगणवाडीत नाव असलेले मूल कोल्हापुरात उतरते, तेव्हा त्याची वाट कोण पाहतो? प्रत्येक खाते दुसऱ्याकडे बोट दाखविते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. साखर आयुक्तांनी गाळप परवाना देताना कारखान्याला अट घालावी. टोळीसोबत आलेल्या प्रत्येक मुलाची नाव-वयासह यादी जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावी. त्या यादीवरून शाळा, आहार, लसीकरण यांचा जाब एकाच अधिकाऱ्याला विचारता यावा. शाहू महाराजांनी दंड पालकाला केला होता; आज उचलीत अडकलेल्या बापाला दंड करून काय मिळणार? जबाबदारी कारखान्यावर आणि शासनावरच टाकली पाहिजे.

कार्यकर्त्यांनी या हंगामात कामगारांच्या तळांवर जावे, याद्या कराव्यात, बालकल्याण समितीकडे लेखी अर्ज द्यावेत व पोच घ्यावी. मूल आई-बापापासून तोडण्यासाठी हा कायदा नाही, हेही तळावर समजावून सांगावे. कागदावर पोच असली की कोणत्याही खात्याला हात झटकता येत नाहीत.