वगळण्यात आले, आणि तो सोडून गेला

२०२५च्या पावसाळ्यात पृथ्वी शॉ मुंबईकडून ना हरकत प्रमाणपत्र घेऊन महाराष्ट्राच्या संघात दाखल झाला, तेव्हा औशातल्या आमच्या प्राध्यापक कक्षात एक शब्द फार वेळा उच्चारला गेला : पळपुटा. उच्चारणारे सहकारी साहित्याचे चांगले वाचक आहेत, क्रिकेटचेही जाणकार आहेत. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की संघातली जागा गेली तर माणसाने घाम गाळून ती परत मिळवावी. दुसऱ्याच्या दारात जाऊन उभे राहणे हा पराक्रम नव्हे. चहा संपला, तास सुरू झाले. पण तो शब्द माझ्या डोक्यातून जाईना. मराठी शिकवणाऱ्याने क्रिकेटवर लिहिण्याचे कारण एवढेच, की इथे प्रश्न चेंडूफळीचा कमी आणि भाषेचा अधिक आहे.

गेली काही वर्षे अशा बातम्या मी व्याकरणाच्या नजरेने वाचतो आहे. संघाने खेळाडूला काढले की वाक्य असे होते : ‘त्याला संघातून वगळण्यात आले.’ खेळाडू गेला की वाक्य होते : ‘तो मुंबई सोडून गेला.’ पहिल्या वाक्याचा प्रयोग कोणता यावर व्याकरणकार वाद घालोत. त्यात कर्ता नाही हे कोणत्याही विद्यार्थ्याला दिसेल. कोणी वगळले? निवड समितीने, म्हणजे नावे असलेल्या, मानधन घेणाऱ्या, बैठकीत बसून निर्णय करणाऱ्या माणसांनी. ती माणसे वाक्यातून नाहीशी होतात आणि वगळणे पाऊस पडण्यासारखी एक नैसर्गिक घटना ठरते. दुसऱ्या वाक्यात मात्र कर्ता आरंभीच, एकटा, उघड्यावर उभा असतो. शिवाय ‘सोडून जाणे’ हे क्रियापद आपण कोणासाठी वापरतो? घर, बायकोमुले, म्हातारे आईबाप टाकून जाणाऱ्यासाठी. म्हणजे वगळणाऱ्याचे नाव नाही, आणि वगळलेल्याला आरोपीच्या पिंजऱ्याचे क्रियापद. निष्ठेची चर्चा सुरू होण्यापूर्वीच निकाल लागलेला असतो.

माझे म्हणणे सरळ आहे. ज्याला संघाने काढले, त्याच्याकडून निष्ठा मागण्याचा अधिकार त्या संघाला उरत नाही. काढण्याचा निर्णय योग्य असेल, तरीही उरत नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये मुंबईने शॉला रणजी संघातून काढले तेव्हा तंदुरुस्ती आणि शिस्त अशी कारणे वर्तमानपत्रांतून आली. ती खरी होती असे आपण धरून चालू. निवड हे संघाचे कामच आहे. पण ‘तू आम्हाला नको आहेस’ आणि ‘तू आमचाच राहिला पाहिजेस’ ही दोन वाक्ये एकाच तोंडून एकाच वेळी शोभत नाहीत. (यशस्वी जयस्वालची गोष्ट वेगळी. त्याने एप्रिल २०२५मध्ये गोव्याकडे जाण्यासाठी प्रमाणपत्र मागितले आणि पुढच्याच महिन्यात ती मागणी मागे घेतली. त्याला मुंबईने काढलेले नव्हते, तेव्हा माझा युक्तिवाद त्याच्या उपयोगाचा नाही.)

या प्रश्नाची सर्वांत नागडी अवस्था पाहायची तर यष्टिरक्षक पाहावा. फलंदाज सहा खेळतात, गोलंदाज चार-पाच. यष्टिरक्षकाची जागा एकच. ती गेली की तो उत्तम असूनही पॅव्हेलियनमध्येच बसतो. आदित्य तरे हा मुंबईचा यष्टिरक्षक. २०१५-१६च्या हंगामात त्याच्या नेतृत्वाखाली मुंबईने रणजी करंडक जिंकला. पुढे त्याला उत्तराखंडकडून खेळावे लागले. मुंबईला करंडक देणारा कर्णधार डोंगरातल्या नव्या संघात यष्टींमागे उभा राहतो, यात मला पळ काढणे दिसत नाही. मला दिसते ते एवढेच, की त्याला अजून खेळायचे होते.

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये (तो हातात चेंडू धरून खेळण्याचा तिकडचा फुटबॉल) ‘क्वार्टरबॅक’ नावाची अशीच एकट्याची जागा असते. जवळजवळ प्रत्येक चाल त्याच्या हातातून सुरू होते, आणि तो एकच असतो. दुसऱ्या क्रमांकाचा मुलगा पूर्ण पोशाखात बाजूला उभा राहून शिक्षणाची वर्षे संपवतो. पूर्वी अशा मुलाने विद्यापीठ बदलले तर नव्या ठिकाणी सर्वसाधारणपणे एक वर्ष त्याला खेळता येत नसे. ती शिक्षाच होती, नाव मात्र नियमाचे होते. मुलांना भरती करून, पालकांना शब्द देऊन, अधिक पगारावर दुसऱ्या विद्यापीठात निघून जाणाऱ्या प्रशिक्षकाला असे वर्षभर बसावे लागत नसे. २०१८पासून बदलीची नोंद करण्याची खुली व्यवस्था आली आणि २०२१मध्ये पहिल्या बदलीपुरती ही बसण्याची सक्ती गेली. त्याच २०१८मध्ये जो बरो नावाचा मुलगा ओहायो स्टेटमध्ये पहिल्या क्रमांकाची स्पर्धा हरून लुइझियाना स्टेटमध्ये गेला. २०१९च्या हंगामात त्याने त्या संघाला एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले.

बरोपेक्षा जेलन हर्ट्सची गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. जानेवारी २०१८मध्ये राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यात मध्यंतराला अलाबामाच्या प्रशिक्षकाने त्याला बसवले, दुसऱ्याला उतरवले, आणि सामना जिंकला. म्हणजे निर्णय बरोबर ठरला. हर्ट्स लगेच गेला नाही. तो वर्षभर दुय्यम म्हणून थांबला, वर्षाअखेरीस पहिला खेळाडू जखमी झाल्यावर ऐन वेळी उतरून त्याने एक मोठा सामना जिंकून दिला, आणि मग २०१९मध्ये ओक्लाहोमाला गेला. फेब्रुवारी २०२५मध्ये तो फिलाडेल्फियाच्या व्यावसायिक संघाला घेऊन सुपर बोल जिंकला. थांबण्याचे कौतुक करणारे त्याचे नाव घेतात, जाण्याचे समर्थन करणारेही घेतात. मला त्यात एवढेच दिसते, की थांबायचे किती आणि निघायचे केव्हा हे त्याने स्वतः ठरवले. पळपुटा म्हणणाऱ्यांना नेमके हेच सोसत नाही. त्यांना थांबणे हवे असते, पण दुसऱ्याने ठरवलेल्या मुदतीपर्यंत.

आता थांबण्याविषयी. अमोल मुझुमदारइतका थांबलेला माणूस आपल्या क्रिकेटमध्ये शोधून सापडणार नाही. फेब्रुवारी १९८८मध्ये आझाद मैदानावर शारदाश्रमचे तेंडुलकर आणि कांबळी ६६४ धावांची भागीदारी करत होते, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा म्हणजे मुझुमदार. १९९४मध्ये रणजी पदार्पणात त्याने हरियाणाविरुद्ध २६० धावा केल्या. भारताकडून खेळण्याची संधी कधीच आली नाही. २००६-०७मध्ये कर्णधार म्हणून मुंबईला करंडक जिंकून दिला. आणि २००९मध्ये मुंबईच्या संघातून डावलला गेल्यावर तो आसामला गेला, पुढे आंध्रकडून खेळला. मुंबईच्या शाळकरी क्रिकेटपासून तिथेच वाढलेल्या माणसाने पस्तिशीच्या उंबरठ्यावर आसामची टोपी घातली. हे वाचताना ज्याला निष्ठेचा भंग दिसतो, त्याने दोन दशके पॅड बांधून बसणे म्हणजे काय याची एकदा कल्पना करून पाहावी. २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय महिलांनी नवी मुंबईत विश्वचषक जिंकला, तेव्हा प्रशिक्षक मुझुमदारच होते. त्या रात्री सगळ्यांना १९८८चे पॅड आठवले. आसामची आठवण फारशी कोणी काढली नाही. थांबण्याची गोष्ट आपल्याला साजरी करता येते, जाण्याची येत नाही.

आणि यष्टिरक्षकांचाच विषय आहे तर चंद्रकांत पंडित. मुंबईचे पंडित मध्य प्रदेशकडे गेले. त्यांच्या नेतृत्वाखाली त्या संघाने १९९९मध्ये बंगळुरूला कर्नाटकाविरुद्धचा रणजी अंतिम सामना गमावला. पुढे प्रशिक्षक म्हणून त्यांनी विदर्भाला लागोपाठ दोन करंडक दिले. जून २०२२मध्ये त्याच बंगळुरूत त्यांच्या मध्य प्रदेशने अंतिम सामन्यात हरवले ते खुद्द मुंबईला. त्यांना कोणी गद्दार म्हटल्याचे मला आठवत नाही. प्रशिक्षकाचा तो पेशा. जिथे काम मिळेल तिथे जायचे. खेळाडूचा मात्र तो धर्म! हा भेद कोणी, केव्हा केला?

मराठी वाचकाने तरी हा भेद करू नये. ज्या भाषेत ‘मृत्युंजय’ १९६७पासून घराघरांत वाचली जाते, त्या भाषेच्या वाचकाला संघ बदलणाऱ्याची गोष्ट परकी कशी? रंगमंडपात कर्णाला कुल विचारले गेले, म्हणजे सरळ मराठीत सांगायचे तर स्पर्धेत उतरू दिले नाही. दुर्योधनाने तिथल्या तिथे अंगदेश देऊन त्याला आपल्या बाजूला घेतले. कर्णाच्या ज्या निष्ठेवर आपण पिढ्यान्पिढ्या डोळे पुसले, ती नाकारणाऱ्या घराशी नव्हती, जागा देणाऱ्या घराशी होती. आमच्या सहकाऱ्यांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, कर्णाचा शेवट काय झाला पाहा. मी म्हटले, त्याचा शेवट जागा बदलल्याने झाला नाही. वाद तिथे अर्धाच राहिला, कारण पुन्हा घंटा झाली.

माझ्या बाजूने करुण नायरचे उदाहरण देणे सोपे आहे. भारताकडून त्रिशतक केलेल्या या फलंदाजाला कर्नाटकाने बाजूला केले, २०२३मध्ये तो विदर्भाकडे आला, २०२४-२५च्या अंतिम सामन्यात केरळविरुद्ध नागपूरला त्याने ८६ आणि १३५ धावा केल्या, विदर्भ जिंकला, तो कसोटी संघात परतला आणि नंतर सन्मानाने कर्नाटकातही परत गेला. शॉनेही महाराष्ट्राकडून पहिल्या डावात भोपळा काढून पुढे चंडीगडविरुद्ध २२२ धावा केल्या. पण या धावांवर माझा युक्तिवाद मी उभा करणार नाही. धावा झाल्या म्हणून जाणे योग्य, हे म्हणणे त्या ‘पळपुटा’इतकेच बाजारू आहे. एकही अर्धशतक न काढता घरी परतणाऱ्यालाही जाण्याचा तेवढाच हक्क होता.

मात्र एक आक्षेप मला टाळता येत नाही, आणि तो मुंबईतून नव्हे, इथूनच उठतो. लातूर, नांदेड, बीड हे जिल्हे महाराष्ट्राच्या संघाच्या कक्षेत येतात. २०२५-२६च्या हंगामात त्या संघात मुंबईहून शॉ आला, केरळहून जलज सक्सेना आला. अकराच्या संघात दोन पाहुणे बसले की दोन घरचे उठतात. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर, २०२४मध्ये एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ९६ धावा काढणारा बीडचा सचिन धस, ही नावे वर आली. त्यांच्या मागे ज्यांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत, अशी मुले एसटीने पुण्याला निवड चाचणीला जातात आणि रात्रीच्या गाडीने परत येतात. मुंबईच्या मुलाची दुसरी संधी ही या मुलाची गेलेली पहिली संधी नव्हे काय?

असेलही. पण तेव्हा जाब शॉला का विचारायचा? त्याला बोलावले कोणी, हे वाक्यही पुन्हा कर्त्याविना लिहिले जाते : ‘शॉला करारबद्ध करण्यात आले.’ बोलावणारी संघटना आहे, पाहुण्यांच्या संख्येची मर्यादा ठरवणारे नियामक मंडळ आहे. शिवाय या मुलाच्या दुःखावर उपाय म्हणून शॉला मुंबईत कोंडून ठेवले, तर याला लातूरहून कुठे जाता येणार? बीडमध्ये जन्मलेले संजय बांगर रेल्वेकडून खेळूनच कसोटीपर्यंत पोहोचले आणि २००२मध्ये हेडिंग्लीच्या ढगाळ सकाळी सलामीला येऊन ६८ धावा करून गेले. मराठवाड्याला तर दुसऱ्याच्या अंगणात खेळण्यावाचून गत्यंतर नव्हते. दारे बंद करण्याची मागणी आपण करावी, हे आपल्याच मुळावर येणारे आहे. खरी अडचण अशी, की बदलीची सोय नाव असलेल्याला आहे. शॉला बोलावणारे असतात. चाचणीत गळलेल्या औशाच्या मुलाला गोवा किंवा उत्तराखंड बोलावत नाही, आणि त्याच्या ना हरकतीची तर कोणाला हरकतच नसते. यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही. मात्र हा अन्याय दूर करायचा तर त्या मुलासाठी दार उघडावे लागेल, शॉसाठी लावून भागणार नाही.

प्राध्यापक कक्षातला वाद मिटलेला नाही. फक्त एक गंमत नोंदवून ठेवतो. ‘लातूर पॅटर्न’चा बोलबाला झाल्यापासून दहावीचा निकाल लागला, की औशातली हुशार मुले इथले दाखले काढून वीसेक किलोमीटरवरच्या लातूरच्या महाविद्यालयांत जातात. पटसंख्या घसरते, तुकड्या धोक्यात येतात, शिक्षक अतिरिक्त ठरतात. आणि अतिरिक्त ठरलेला शिक्षक समायोजनाचे पत्र घेऊन मिळेल त्या गावी रुजू होतो. त्याला कोणी पळपुटा म्हणत नाही. शॉला तो शब्द लावणारे आमचे सहकारी स्वतः एकदा अतिरिक्त ठरले होते. औशाला ते आले ते समायोजनानेच, आणि इथे त्यांच्याइतके मन लावून शिकवणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.