संकोचात दडलेला विकार

नृसिंहाच्या देवस्थानामुळे पोखर्णी हे गाव परभणी जिल्ह्यात सर्वपरिचित आहे. अशा गावांतून वर्षानुवर्षे दुकानदारी करणाऱ्या घरांत पन्नाशी ओलांडलेल्या गृहिणीच्या वागण्यात कधी कधी एक बदल दिसू लागतो. सामायिकाला ती दाराजवळची जागा धरते. यात्रेची गाडी ठरली की गुडघ्यांचे निमित्त सांगते. ‘वय झाले’ असे म्हणून घर ते मान्य करते. वास्तविक गुडघे ठीक असतात. खोकताना, शिंकताना किंवा हंडा उचलताना लघवीचे थेंब जातात, हे तिला कोणासही सांगवत नाही. सामायिकाची अठ्ठेचाळीस मिनिटे एका आसनावर निभावतील की नाही, वस्त्र अशुद्ध झाले तर काय, या चिंतेपायी ती हळूहळू धर्मक्रियेपासूनच दूर होते.

हे मौन किती खोल आहे, याचा पुरावा महाराष्ट्रातच मिळाला. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली. जानेवारी 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 92 टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. यापूर्वी तशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या 8 टक्के. त्यांतील बरेचसे रोग जंतुसंसर्गाचे होते, येथील विषय त्याहून निराळा आहे. परंतु विचारणारे कोणी भेटले नाही तर स्त्री सांगत नाही, ही गोष्ट त्या आकड्यांनी उघड केली. सुशिक्षित, सधन घरांत याहून फार निराळे चित्र असेल असे मानण्यास आधार नाही.

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय तिच्यावर पेललेले असतात. बाळंतपणात ती ताणली जाते. पाळी थांबल्यानंतर, तसेच स्थूलता, जुनाट खोकला व बद्धकोष्ठता यांमुळे आणखी सैल पडते. मग पोटावर दाब येताच लघवी निसटते, किंवा ‘अंग बाहेर येते’. दुसऱ्या प्रकारात दाब नसतानाही अचानक अनावर घाई होते आणि मोरीपर्यंत पोहोचणे जमत नाही. दोन्ही प्रकार एकत्रही असू शकतात. उपचार वेगवेगळे असल्याने डॉक्टरांना नेमके काय होते ते सांगणे अगत्याचे आहे.

पुष्कळ स्त्रिया यावर स्वतःच एक उपाय शोधतात, तो म्हणजे पाणी कमी पिणे. हा घाट्याचा सौदा आहे. लघवी दाट होऊन मूत्राशय अधिकच चिडते, बद्धकोष्ठता वाढते आणि तळाच्या स्नायूंवरचा ताणही वाढतो. चौविहार पाळणाऱ्या श्राविकेने दिवसा पुरेसे पाणी घेणे म्हणूनच अधिक आवश्यक ठरते.

खरा उपाय बिनखर्चाचा आहे. अमेरिकेतील डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी 1948 मध्ये या स्नायूंच्या व्यायामाची पद्धत मांडली. वायू व लघवी रोखताना जे स्नायू आत ओढले जातात तेच आवळावयाचे, काही सेकंद धरावयाचे आणि तेवढाच वेळ सैल सोडावयाचे. एका वेळी निदान आठदा, दिवसातून तीनदा, सलग तीन महिने. श्वास रोखू नये, पोट व मांड्या आवळू नयेत. लघवी करीत असताना हा सराव करू नये. केगेल यांच्याच ध्यानात आले होते की अनेक स्त्रिया भलतेच स्नायू आवळतात, यास्तव एकदा स्त्रीरोगतज्ज्ञ अथवा फिजिओथेरपिस्ट यांच्याकडून पद्धत तपासून घ्यावी. कॉक्रेन या संस्थेच्या 2018 च्या आढाव्यात दाबामुळे लघवी जाणाऱ्या स्त्रियांपैकी व्यायाम करणाऱ्या 56 टक्के जणींनी बरे झाल्याचे सांगितले. न करणाऱ्यांत हे प्रमाण 6 टक्के होते. गोळीविना मिळणारा एवढा लाभ वैद्यकात विरळाच.

वजनाचाही हिशेब आहे. अमेरिकेत 338 स्थूल स्त्रियांवर झालेल्या, 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एका गटाने सहा महिन्यांत सरासरी 8 टक्के वजन घटविले आणि त्यांचे लघवी सुटण्याचे प्रसंग 47 टक्क्यांनी कमी झाले. दुसऱ्या गटाचे वजन फारसे घटले नव्हते. तेथे ही घट 28 टक्के होती. ऐंशी किलोच्या स्त्रीस सहा-सात किलो, म्हणजे हा आवाक्याबाहेरचा पल्ला नव्हे.

शस्त्रक्रियेची वेळ आली तरी ‘पिशवी काढून टाका’ हा एकच मार्ग नसतो. अंग बाहेर येणाऱ्या तरुण स्त्रियांचे गर्भाशय राखून ते वर बांधून घेण्याच्या पद्धती मुंबईत डॉ. वि. ना. शिरोडकर व डॉ. पुरंदरे यांनी विकसित केल्या, आणि त्या त्यांच्याच नावांनी ओळखल्या जातात. याउलट, योनिमार्गातून कृत्रिम जाळी बसवून अंग वर धरण्याच्या उपचारातून इतक्या तक्रारी उद्भवल्या की अमेरिकेच्या औषध नियामकाने एप्रिल 2019 मध्ये अशा जाळ्यांची विक्री थांबविण्याचा आदेश दिला. शस्त्रक्रिया सुचविली गेल्यास कोणती, जाळी वापरणार काय, आणि आधी तीन महिने व्यायाम करून पाहता येईल काय, हे तीन प्रश्न अवश्य विचारावेत.

लघवीत रक्त, जळजळ, ताप, लघवी अडणे किंवा खाली गाठीसारखे काही जाणवणे यांपैकी काहीही असल्यास मात्र व्यायामाची वाट पाहू नये. पोखर्णीहून परभणी जवळच आहे. पतीचा मधुमेह तपासण्यासाठी दर तीन महिन्यांनी फेरी होतेच. त्याच फेरीत गृहिणीचीही तपासणी होऊ शकते, आणि सोबत सून किंवा लेक असेल तर तिला बोलणे सोपे जाते.