पाप कुणाचं, मढं कुणाचं

टाळ्या मीही वाजवल्या. ही कबुली आधी देतो, मग भांडतो.

वस्तीतल्या बैठकीत लातूरकडचा एक पोरगा बोलायला उठला. चांगला बोलतो, आग आहे त्याच्यात. बोलता बोलता किल्लारीवर आला. म्हणाला, "३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. पाटला-देशमुखांचे चिरेबंदी वाडे झोपले आणि आपल्या लोकांच्या कुडाच्या झोपड्या उभ्या राहिल्या. का? हजारो वर्षांचं पाप भरलं होतं. धरणीनं एका मिनिटात हिशेब चुकता केला." टाळ्या कडाडल्या. माझेही हात लाल झाले.

रात्री मात्र झोप येईना. हे वाक्य आपण आधी कुठं तरी ऐकलंय. आणि आपल्या माणसाच्या तोंडून नाही ऐकलेलं.

१५ जानेवारी १९३४. दुपारचे दोन वाजून गेलेले. बिहार आणि नेपाळची जमीन हलली. मुंगेर शहर मातीला मिळालं. मुझफ्फरपूर, दरभंगा, सगळीकडं ढिगारे. शेतांना भेगा पडल्या, खालची वाळू आणि पाणी उसळून वर आलं, विहिरी वाळूनं बुजल्या. दहा हजारांवर माणसं मेली. गांधीजी तेव्हा दक्षिणेत हरिजन दौऱ्यावर होते. २४ जानेवारीला तिरुनेलवेलीच्या सभेत त्यांनी सांगितलं की हा भूकंप म्हणजे देवानं दिलेली शिक्षा आहे, आणि आपण ज्यांना अस्पृश्य म्हणतो त्यांच्यावर केलेल्या पापाची आहे.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खूश झालो होतो. वाटलं, च्यायला, एवढा मोठा माणूस म्हणतोय की अस्पृश्यता हे इतकं भयंकर पाप आहे की त्यानं धरणी फाटते! आपल्याच बाजूची साक्ष आहे ही. पण दोस्तहो, साक्ष आपल्या बाजूची आहे म्हणून साक्षीदार तपासायचाच नाही काय?

तपासू या.

पहिला सवाल. शिक्षा झाली कुणाला? बिहारातल्या दुसाधांनी, चमारांनी, मुसहरांनी कोणती अस्पृश्यता पाळली होती? ढिगाऱ्याखाली तेही गेले. विहिरी बुजल्या. ज्यांना आधीच सवर्णांच्या विहिरीला हात लावायची बंदी, त्यांच्या घशाला त्या दिवशी पाणी कुणी दिलं असेल? मारणाऱ्यालाही फटका आणि मार खाणाऱ्यालाही फटका, असा न्याय देणाऱ्या न्यायाधीशाला आपण नाक्यावरसुद्धा उभा करणार नाही. आणि हा न्यायाधीश नेमका बिहारातच कसा गेला? १९३० पासून नाशिकला काळारामाच्या दारात आपली माणसं सत्याग्रह करत होती, डोकी फोडून घेत होती. दार बंदच होतं. त्या जानेवारीत नाशिकच्या पुजाऱ्याच्या ताम्हनातली पळीदेखील हलली नाही.

दुसरा सवाल. हे हत्यार फक्त आपल्याच हातात राहील याची हमी काय? हा सवाल तेव्हाच रवींद्रनाथ टागोरांनी विचारला. ते गांधीजींचे दुश्मन नव्हते. अस्पृश्यतेबद्दल दोघांचं एकच मत होतं. तरी त्यांनी लिहिलं की भौतिक आपत्तीची कारणं भौतिकच असतात, तिच्यात नीतीचा कायदा घुसडू नका. आणि म्हणाले, असला युक्तिवाद तुमच्यापेक्षा तुमच्या विरोधकांच्याच डोक्याला जास्त शोभतो, उद्या त्यांनी भूकंपाचा दोष तुमच्यावरच घातला तर मला नवल वाटणार नाही. गांधीजींनी टागोरांचं म्हणणं आपल्या 'हरिजन' पत्रात छापलं, हा त्यांचा मोठेपणा. पण उत्तर काय दिलं? की मला हे सिद्ध करता येणार नाही, पण माझी श्रद्धा आहे.

श्रद्धा आहे! मग सनातन्याचीही श्रद्धाच होती. त्याला वाटत होतं की अस्पृश्यांना देवळात घ्यायची भाषा झाली म्हणून देव कोपला. आता सांगा, दोघांपैकी खरं कोण हे कुठल्या तराजूवर मोजणार? एकाची श्रद्धा विरुद्ध दुसऱ्याची श्रद्धा. अशा खटल्यात शेवटी ज्याच्या हातात काठी तोच जिंकतो. एप्रिलमध्ये त्याच बिहारात देवघरला सनातन्यांनी गांधीजींच्या मोटारीवर काठ्या घातल्या.

आणि हे जुनं झालं म्हणू नका. जून २०१३ मध्ये उत्तराखंडात धरणाच्या कामासाठी धारीदेवीची मूर्ती हलवली, केदारनाथचा प्रलय आला, लगेच देवीचा कोप ठरला. ऑगस्ट २०१८ मध्ये केरळ बुडालं, तर बायकांना शबरीमलाला जायचंय म्हणून अय्यप्पा रागावला असं बोलणारे निघाले. खटला तेव्हा सुप्रीम कोर्टात होता, निकालही लागायचा होता. देव कोर्टाच्या तारखेआधीच निकाल देऊन मोकळा! या प्रत्येक वेळी बोट कुणाकडं गेलं बघा. बाईकडं. देवळाबाहेर ठेवलेल्याकडं. दार उघडा म्हणणाऱ्याकडं. धर्माच्या दप्तरात आपत्तीचा आरोपी आधीच लिहून ठेवलेला असतो, फक्त तारीख टाकायची बाकी असते.

आता तिसरा सवाल, आणि माझी झोप उडाली ती याच्यामुळं.

रामायणातला शंबूक आठवा. एका ब्राह्मणाचं पोर अकाली मेलं. कारण काय शोधलं? राज्यात कुठं तरी अधर्म चाललाय. कुठला अधर्म? एक शूद्र तप करतोय. रामानं जाऊन त्याचं मुंडकं उडवलं आणि पोर जिवंत झालं म्हणतात. पोराला काय झालं होतं, ताप होता की जुलाब, कुणी वैद्याला विचारलं नाही. मरण कुठल्या आळीत झालं आणि तलवार कुठल्या आळीत गेली, बघा. आपत्ती म्हणजे पापाची शिक्षा, या विचाराचं हे जुनं आणि अस्सल रूप. आणि त्यात मुंडकं आपलं आहे.

याहून खोल जा. छांदोग्य उपनिषद सांगतं की ज्यांचं आचरण चांगलं ते ब्राह्मण-क्षत्रियांच्या पोटी जन्म घेतात, ज्यांचं आचरण घाणेरडं ते कुत्र्याच्या, डुकराच्या नाही तर चांडाळाच्या योनीत जातात. म्हणजे काय? ज्याच्या वाट्याला दुःख आलं त्यानं कधी तरी पाप केलंच असणार. पुरावा काय? तर त्याचं दुःख! हाच पुरावा लावून माझ्या आज्याला गावाबाहेर ठेवलं, मेलेलं ढोर ओढायला लावलं. तू महार का? मागच्या जन्मी काही केलं असशील. मुंगेर का पडलं? काही तरी केलं असेल. ही दोन वाक्यं सख्खी भावंडं आहेत, एकाच आईची. धाकट्याला कडेवर घ्यायचं आणि थोरल्याला जोड्यानं मारायचं, असं जमणार नाही. आपत्तीत मेलेल्याला पापी ठरवणारं गणित बरोबर असेल, तर आपला जन्मही आपल्या पापाचंच फळ ठरतो. मग विद्रोह कशाचा करताय? आणि कुणाविरुद्ध?

म्हणून बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा हा हिशेब साफ नाकारला. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' उघडून बघा. आणि आपल्यातलेच जे कुणी विहारात बसून पूर्वकर्माच्या गोष्टी सांगतात, त्यांनी तर दोनदा उघडून बघा.

आता किल्लारीकडं येतो, कारण त्या पोराला उत्तर द्यायचंय.

किल्लारीत वाडे पडले ते वजनानं. दगडमातीच्या दोन-अडीच फूट जाड भिंती, आत चिखल, सिमेंटचा पत्ता नाही. वर उन्हाला अडवायला मातीचं जाड माळवद. जमीन हलली, भिंती उकलल्या, वरचा ढीग झोपलेल्या माणसांवर आला. गणपती बोळवून थकून झोपलेली माणसं होती. सुमारे दहा हजार मेली. कुडाची झोपडी पडली तरी तिच्यात मारण्याइतकं वजनच नसतं. म्हणजे जे दारिद्र्य आपल्याला पावसात भिजवतं, थंडीत कुडकुडवतं, त्यानं त्या एका पहाटे जीव वाचवला. याला न्याय म्हणायचं? मग पुढच्या पुरात पहिली झोपडी वाहून जाईल, तेव्हा तो कुणाचा न्याय? तेव्हा पाप आपलं होईल ना, दोस्ता?

आणि वाड्यात कोण झोपलं होतं हे तुला ठाऊक आहे काय? ढेलजेत सालगडी नसेल कशावरून? पाळण्यातल्या पोरानं कोणती शिवाशिव पाळली होती?

मी गोदीत काम करतो, म्हणून गोदीतली एक गोष्ट सांगतो. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज फुटलं. मुंबई हादरली, जळते कापसाचे बोळे वस्त्यांवर पडले, शेकडो माणसं मेली. आग विझवायला गेलेले बंबवालेही गेले. तारीख बघा. बाबासाहेबांची जयंती! श्रद्धाच लावायची तर कुणीही काहीही लावू शकतो. कुणी म्हणेल कोप, कुणी म्हणेल सलामी. पण खरं कारण जहाजाच्या पोटात होतं. सुमारे चौदाशे टन दारूगोळा, आणि त्याच्याच संगतीला कापसाच्या गासड्या. एवढी दारू भरलेली असून धोक्याचा लाल बावटा लावलेला नाही. गासड्या उचलणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा, कापसाशेजारी दारू ठेवायची का म्हणून. त्याला देव विचारावा लागत नाही.

मग माणसाच्या वागण्याचा आपत्तीशी संबंधच नाही काय? आहे ना! म्हणून तर हा लेख लिहितोय. संबंध आहे, पण तो आकाशातून येत नाही. तो नकाशातून येतो, भिंतीतून येतो, रांगेतून येतो. भारताची जमीन वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर उत्तरेला सरकतेय, तिबेटला धडकतेय, त्या रेट्यातून हिमालय उठला आणि त्याच रेट्यातून १९३४ ची दुपार आली. त्या जमिनीला जानवं दिसत नाही आणि निळा झेंडाही दिसत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पावसाला जात नव्हती. पण साकीनाक्याला डोंगर खाली आला तेव्हा त्याच्या पायथ्याशी बंगले नव्हते, झोपड्या होत्या. मिठीच्या काठावर कोण राहतं? नाल्यावर घर कोण बांधतं? हौस म्हणून कुणी बांधत नाही. ज्याला शहरात सरळ जमीन मिळत नाही तो नाल्यावर जातो.

आणि आपत्ती ओसरल्यावर बघा. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली. नागपट्टिणमला लाटेनं सगळ्यांना सारखंच ओढलं. पण लाट मागं गेली आणि जात पुढं आली. मदतछावण्यांत दलितांना आत घेईनात, वाटप होताना त्यांना बाजूला ठेवलं. आणि कुजलेली मढी उचलायला कुणाला आणलं? दुसऱ्या गावांहून दलित सफाई कामगारांना. धरणीला जात कळत नाही. तहसीलदाराच्या यादीला कळते.

पाप असलंच तर ते हे. आणि याला देवाची शिक्षा नको, याला पंचनामा पाहिजे. पाप म्हटलं की माणूस प्रायश्चित्त घेतो, होम घालतो, दक्षिणा देतो आणि मोकळा होतो. गुन्हा म्हटलं की नाव लागतं, सही लागते, कलम लागतं. कुणाला कुठं राहायला लावलं, कुणी भिंत बांधून दिली नाही, कुणी यादीतून नाव उडवलं, हे सगळं विचारता येतं. म्हणूनच वरच्यांना आपत्ती देवाच्या खात्यावर टाकायला आवडतं. देवाला समन्स काढता येत नाही.

बाबासाहेब धरणी कधी फाटते याची वाट बघत बसले नाहीत. २० मार्च १९२७ ला महाडला गेले आणि चवदार तळ्याचं पाणी प्यायले. लोकांनी तळं बाटलं म्हणून शुद्ध केलं, वर कोर्टात खेचलं. बाबासाहेब दहा वर्षं लढले आणि १९३७ ला हायकोर्टात जिंकले. त्या दहा वर्षांत महाडची जमीन फाटली नाही. फाटला तो एक दावा. आणि तो माणसांनी फाडला.

दोस्ता, तुझा राग माझाही आहे. तो विझवू नको. पण राग भूकंपाच्या हवाली करू नको, भूकंपाला तो कुणावर काढायचा ते कळत नाही. पुढच्या बैठकीत किल्लारीवर पुन्हा बोल. कुणाला घर मिळालं, कुणाला नाही, नव्या गावठाणात आपली घरं कुठल्या टोकाला टाकली, ते गावी जाऊन विचारून ये आणि नावानिशी सांग.

तेव्हा मी पुन्हा टाळ्या वाजवीन, आणि त्या रात्री झोपेनही.

जयभीम.