एडिटर ज्याचा त्याचा, नोंदी सगळ्यांच्या

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांत एडिटरवरून हमरीतुमरी होते आणि कामाच्या नोंदींचे साधन घाईत ठरते. व्हायला हवे नेमके उलट. गिटहबने डिसेंबर २०२२मध्ये ‘ॲटम’ एडिटर बंद केला, तरी कोणाचा कोड अडकला नाही. साध्या मजकुराची तीच फाइल १९९१पासूनच्या ‘व्हिम’ एडिटरमध्येही उघडते. ‘जिरा’ या नोंदींच्या साधनाच्या सर्व्हर आवृत्तीचा तांत्रिक आधार फेब्रुवारी २०२४मध्ये संपला, तेव्हा मात्र प्रश्न अख्ख्या संस्थांच्या स्थलांतराचा होता, कारण त्रुटी कोणी नोंदवली, निर्णय का बदलला, हा सारा इतिहास तिथेच साठलेला असतो. एकच एडिटर असला की नवख्याला शिकवणे सोपे जाते, हा आक्षेप रास्त आहे. पण कोडच्या मांडणीचे नियम ‘एडिटरकॉन्फिग’ फाइलमध्ये लिहिले की बरीचशी अडचण सुटते. म्हणून एडिटर ज्याने त्याने निवडावा. नोंदींचे साधन मात्र सर्वांनी मिळून, इतिहास बाहेर काढता येतो याची खात्री करूनच घ्यावे.