मालखान्यात हरवणारी नाणी

14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज फुटले, तेव्हा त्यावर कापूस आणि दारूगोळ्यासोबत सोनेही होते : 31 खोकी, प्रत्येकात चार विटा. एक वीट दूरवर एका पारशी गृहस्थाच्या घरावर आदळली. त्यांनी ती परत केली. पुढे 1970 च्या दशकापर्यंत गोदीतला गाळ काढताना विटा सापडत राहिल्या आणि धन्याकडे पोचत्या झाल्या. माणसे प्रामाणिक होतीच, पण किती विटा चढवल्या याचा हिशेबही आधीपासून कागदावर होता.

मराठवाड्याच्या मातीतून निघणाऱ्या धनाला असा कागद नसतो. पैठण, तेर, भोकरदन इथे पावसाने जुन्या वस्तीची पांढरी माती धुपते आणि नाणी उघडी पडतात. कुठे पाया खणताना हंडा लागतो. पहिला कागद होतो तो पंचनाम्याचा. त्यात अनेकदा एवढेच असते : ‘पिवळ्या धातूची नाणी, वजन अमुक ग्रॅम’. या वर्णनात कुठलेही नाणे बसते. पोलिसांच्या मालखान्यात अदलाबदल झाली, तरी वजन जुळते, नग जुळतात आणि चोरी सिद्ध होत नाही. ही भीती हवेतली नाही. सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा 2002 चा निर्णय ठाण्यातला मुद्देमाल बदलल्याच्या, परस्पर लिलाव केल्याच्या आरोपांतूनच आला. तपशीलवार पंचनामा आणि छायाचित्रे घ्या, असे न्यायालयाने तेव्हाच बजावले.

1878 च्या निखात निधी अधिनियमात छायाचित्राचा उल्लेखही नाही. दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचे, आणि सरकारने तो घेतला तर मोबदला धातूची किंमत अधिक तिचा एक पंचमांश. म्हणजे सातवाहन राजाचे मुख असलेले चांदीचे नाणे आणि तेवढ्याच वजनाची चांदीची तार यांचा भाव एकच. मग सापडणारा सराफाकडे आटणीला जातो, यात नवल ते काय? त्याला चोर म्हणण्याआधी हे कलम बदलण्याची मागणी आपल्या संग्रहालय क्षेत्राने लावून धरायला हवी.

तोवर हातात आहे ते वापरू. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 497 जुलै 2024 पासून लागू आहे. न्यायालयापुढे आलेल्या मालमत्तेचे वर्णन 14 दिवसांत तयार करावे लागते, छायाचित्रे घ्यावी लागतात आणि गरज असेल तर चित्रीकरणही करावे लागते. हे वर्णन लिहिताना नाणी वाचता येणारा माणूस तिथे हवा. मराठवाडा विद्यापीठाचे इतिहास संग्रहालय, सोनेरी महाल, पैठण आणि तेरची संग्रहालये इथल्या अभिरक्षकांनी आपली नावे जिल्हाधिकारी आणि न्यायालयांकडे आत्ताच देऊन ठेवावीत; बोलावण्याची वाट पाहू नये. प्रत्येक नाण्याच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र मापपट्टीसह घ्या, वजन सुटे घ्या, ठसा, झीज, चीर लिहा. आणि हंडा फुटका असला तरी तो टाकू देऊ नका, जागेची खूणही नोंदवा. दायमाबादची ब्राँझ शिल्पे 1974 मध्ये उत्खननाबाहेर, एका गावकऱ्याला सापडली. त्यामुळे त्यांच्या काळाबद्दल अभ्यासक अजून भांडत आहेत.